रकानेबाई आणि सल्लागारांची निवड

आमच्या कचेरीत तिला सगळे रकानेबाई म्हणत. तोंडावर कुणी म्हणत नसे, पण तिला ठाऊक होतं, आणि माझा अंदाज आहे की तिला ते आवडायचंही. कुणी काही माहिती घेऊन आलं की ती कोरा कागद आडवा धरायची, पट्टीने उभ्या रेघा मारायची आणि म्हणायची, "हं, बोला आता. यातलं काय कुठे जातं?" अर्ध्या लोकांना तिथेच कळायचं की आपल्याकडे माहिती नाही, नुसत्या गप्पा आहेत. घरच्या औषधांच्या डब्यालाही तिने रकाने आखलेला कागद चिकटवला होता. तिचा नवरा सगळ्यांना सांगायचा की आमच्याकडे ताप नंतर येतो, रकाना आधी तयार असतो.

मी तिच्या समोरच्या टेबलावर. आमच्या खोलीत दोन टेबलं, भिंतभर लोखंडी कपाटं आणि बसडेपोवर उघडणारी एक खिडकी. माझा स्वभाव तापट. एखादी फाईल सापडली नाही की मी कपाटांची दारं आपटायचे आणि सगळ्या खात्याचा उद्धार करायचे. तोवर ती मुकाट्याने स्टुलावर चढून वरचा गठ्ठा काढत असायची. एवढी शांत माणसं मला सहसा सोसत नाहीत. ही सोसली, कारण ती शांत असली तरी गरीब नव्हती.

आमच्या शाखेचं काम सांगायला सोपं होतं आणि करायला महाकठीण. सरकारची जी मंडळं, महामंडळं आणि समित्या असतात, म्हणजे पाण्याचं मंडळ, बसचं महामंडळ, ग्रंथालयांची समिती, त्यांच्यावर कोण कोण सदस्य आहे, त्याला कुणी नेमलं, किती मुदतीसाठी, आणि त्या मंडळाच्या कंत्राटांत त्याचं कुणी आहे का, हे सगळं आम्हाला माहीत असायला हवं होतं. प्रत्यक्षात निम्मे कागद आमच्याकडे, निम्मे दुसऱ्या खात्यांकडे, आणि जे महत्त्वाचे ते कुणाच्या तरी घरी. एकच गृहस्थ किती मंडळांवर बसतात असा प्रश्न विधिमंडळात कुणी विचारला, की आमच्या नाकी नऊ यायचे.

सदस्यांनी दरवर्षी एक गोष्ट लिहून द्यायची असे. मंडळाशी व्यवहार करणाऱ्या कंपनीत आपले कुणी नातेवाईक आहेत का? होय किंवा नाही. सगळे 'नाही' लिहायचे. जणू या मंडळींना जगात कुणीच नव्हतं. एकदा पाण्याच्या मंडळाला पंप पुरवणारा माणूस एका सदस्याचा साडू निघाला. सदस्यांना बोलावून विचारलं, तर ते अगदी भाबडेपणाने म्हणाले, "साडू कुठला नातेवाईक? तो बायकोच्या बहिणीचा नवरा."

मला हसू आवरेना. ती हसली नाही. दुपारभर कागद आडवा धरून तिने काका, मामा, मावसभाऊ, आतेबहीण, पुतण्या, भाचा, मेहुणा, साडू, दीर, जाऊ, नणंद, नणंदेचा नवरा, व्याही, विहीण अशी सगळी नाती एकाखाली एक लिहून काढली. प्रत्येकापुढे होय किंवा नाही.

"अगं, ही यादी आहे की लग्नाला कुणाकुणाला बोलवायचं ते लिहितेयस?" मी म्हटलं.

"लग्नात जेवायला येतो तो कंत्राटातही येतो," ती म्हणाली, आणि 'चुलत सासरे' लिहायला लागली.

पुढच्या वर्षापासून ती यादी सदस्यांना जायला लागली. काहींनी फोनवरून आमचे आईबाप काढले, पण साडू आणि व्याही हळूहळू बाहेर पडू लागले. एका महाभागाने तर कंत्राट पदरात पडेपर्यंत मुलाचं ठरलेलं लग्न जाहीरच केलं नाही. ते उघडकीला आल्यावर तिने यादीच्या शेवटी एक ओळ वाढवली: ठरलेलं पण अजून न झालेलं नातं. त्या ओळीचा आम्हाला इतका आनंद झाला की त्या दिवशी कँटीनमध्ये जाऊन दोघींनी चहाबरोबर बिस्किटंही खाल्ली.

हे सगळं संगणकावर एका जागी यावं आणि कोणाही नागरिकाने घरी बसून उघडून बघावं, हे तिचं जुनं स्वप्न. बाकीचे त्याला डेटाबेस म्हणायचे, ती माहितीकोश म्हणायची. किती वेळा तिने प्रस्ताव वर पाठवला आणि किती वेळा तो 'सध्या आवश्यकता वाटत नाही' असा शेरा घेऊन खाली आला, याची मी साक्षीदार आहे. मी दर वेळी भडकायचे. ती शेरा वाचायची, प्रस्तावातली एखादी ओळ सुधारायची आणि पुन्हा पाठवायची. शेवटी नवे साहेब आले, त्यांना काहीतरी नवं करून दाखवायचं होतं, आणि तो प्रस्ताव एकदाचा मंजूर झाला. तिच्या निवृत्तीला फार दिवस उरले नव्हते. माहितीकोश उभा राहायला जेवढा काळ लागणार होता, जवळजवळ तेवढीच तिची नोकरी शिल्लक होती.

खात्यात हे काम करू शकेल असं कुणी नव्हतं, म्हणून बाहेरचे सल्लागार नेमायचे ठरलं. सल्लागार म्हटलं की माझ्या कपाळाला आठी पडते. प्रस्तावात भल्याभल्या पदव्यांची माणसं दाखवायची. निवड झाली की ती गुप्त होतात आणि आपल्याकडे पाठवला जातो कुणी नवखा, जो सकाळी येऊन आपल्यालाच विचारतो की आता काय करायचं. तिलाही हे ठाऊक होतं. तिने अटींमध्ये घातलं की जी माणसं काम करणार, त्यांनीच समितीसमोर येऊन बोलायचं. पुढे माणसं बदलली तर निवड रद्द.

दुसरी अट तिच्या खास डोक्यातून आलेली. प्रत्येक कंपनीला तिने एका जुन्या मंडळाच्या कागदांचा सारखाच गठ्ठा दिला, उलटसुलट लावलेला, जसा आमच्या कपाटात असतो तसाच. यातून एक छोटा नमुना करून आणा, म्हणाली. त्या गठ्ठ्यात एक गंमत होती. मंडळावरचे एक सदस्य वारले होते, आणि वारल्यानंतर त्यांची सन्मानाने पुन्हा नेमणूक झाली होती. दोन्ही कागद गठ्ठ्यात होते, पण एकमेकांपासून लांब.

तिसरी अट स्वतःसाठी. निवड समितीतल्या कुणाचं कुठल्या कंपनीत नातं निघालं, तर त्याने समिती सोडायची. आणि पुढे तीच कंपनी निवडली गेली, तर काम संपेपर्यंत त्याने त्या कामाला हातही लावायचा नाही. नातं म्हणजे तिच्या यादीतलं कुठलंही. साहेबांना हे जरा जास्तच वाटलं.

"एवढं कडक कशाला, बाई?" ते म्हणाले.

"सदस्यांना पाठवतो तेव्हा कडक वाटत नाही, साहेब," ती म्हणाली. साहेबांनी सही केली.

समितीत तिघं होते: साहेब, हिशेब शाखेचे अधिकारी आणि ती. प्रस्ताव आले, चाळणी लागून तीन कंपन्या उरल्या. आणि नेमक्या त्याच सुमारास तिच्या लेकीचं लग्न ठरलं.

ठरलं म्हणजे लेकीनेच ठरवलं. मुलगा चांगला, शांत, आईबाप साधे. रकानेबाईला तो पहिल्या भेटीतच आवडला. चहा घेता घेता तिने विचारलं, "नोकरी कुठे?" आणि त्याने त्या तीन कंपन्यांतल्या एकीचं नाव सांगितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मला लेकीचा फोन आला. "मावशी, तुम्ही तरी समजवा तिला. तो नकाशांचं काम करतो हो. दुसऱ्या इमारतीत बसतो. हा प्रस्ताव कुणी लिहिला हेसुद्धा त्याला माहीत नाही."

"मग अडलंय कुठे?"

"मी म्हटलं, आम्ही अजून कुणाला सांगितलेलंच नाही. तुमची निवड होऊ दे, मग सांगू. तर मला विचारते, ठरलंय की नाही ठरलंय? मी म्हटलं, ठरलंय. म्हणे, मग झालं. आणि समिती सोडायचं पत्र लिहायला बसली."

कचेरीत मी समजवायला तोंड उघडायच्या आतच रकानेबाई ते पत्र घेऊन साहेबांकडे निघाली होती. मीही मागोमाग गेले, मला कुणी बोलावलं नव्हतं तरी. साहेबांनी पत्र वाचलं आणि डोक्याला हात लावला. "अहो बाई, मुलगी त्या मुलाशी लग्न करतेय. कंपनीशी नाही."

"पाण्याच्या मंडळावरचे ते गृहस्थही असंच काहीसं म्हणाले होते."

"तुम्हाला कळतंय ना, हीच कंपनी निवडली गेली तर तुम्ही या कामातून पूर्ण बाहेर? इतकी वर्षं तुम्ही यामागे लागलात. पुढच्या आठवड्यात दिलं असतंत हे पत्र तर कुणाला कळणार होतं?"

"मला," ती म्हणाली. आवाज जरा कापरा होता, म्हणून तिने एकाच शब्दावर भागवलं असावं. मला त्या क्षणी तिचा भयंकर राग आला होता, आणि त्याच क्षणी तिच्याबद्दल जे वाटलं ते आजवर दुसऱ्या कुणाबद्दल वाटलेलं नाही.

रागाचं उरलेलं कारण लगेच समोर आलं. नवा माणूस शोधायला वेळ नव्हता आणि हे काम जवळून पाहिलेली दुसरी मीच. साहेबांनी तिची जागा माझ्या गळ्यात घातली. मी नाही नाही म्हटलं, तब्येतीचं सांगितलं, डोळ्यांचं सांगितलं. साहेब म्हणाले, "तुमची तब्येत खात्यात सगळ्यांत ठणठणीत आहे."

मग सुरू झाला आमच्या खोलीतला तमाशा. प्रस्तावांच्या फाईली माझ्या खणात. खणाची किल्ली वाजली की ती उठायची आणि बाहेर जायची. मी खण बंद केला की परत यायची. दिवसातून इतक्या वेळा ती कँटीनमध्ये जाऊन बसायला लागली, की कँटीनवाल्याने मला बाजूला घेऊन विचारलं, बाईंचं घरी काही बिनसलंय का. मी चिडून म्हटलं, "त्यांचं सगळं ठीक आहे, बिनसलंय माझं."

मला खरंच काही कळत नव्हतं. कुठल्या गोष्टीला किती गुण द्यायचे, कुठे फसवाफसवी असते, काय विचारायचं. आणि या विषयात जिला सगळं कळतं ती हाताच्या अंतरावर बसून पेन्सिलींना टोक काढत होती. एकदा मी आडून विचारायला गेले. "समज हं, नुसतं समज, एखाद्या कंपनीने असं लिहिलं की..."

तिने दोन्ही कानांवर हात ठेवले. "मला त्याचा वाससुद्धा नको."

"अगं पण मी चुकले तर? काम तुझं आहे."

"आता तुझं आहे," ती म्हणाली, आणि कँटीनमध्ये गेली. त्या दिवशी दुपारी मी तिच्याशी बोलले नाही. तिने डब्यातली भाजी नेहमीसारखी माझ्या झाकणात वाढली आणि मी ती रागारागाने खाल्ली.

निवडीचा दिवस उजाडला. वरच्या मजल्यावरच्या सभेच्या खोलीत आम्ही तिघं. पहिल्या कंपनीची माणसं कोट घालून आली. पडद्यावर त्यांनी रंगीत आलेख दाखवले, गोल फिरणारे, उघडझाप करणारे. साहेब खुश. शेवटी त्यांनी नमुना दाखवला: मंडळातले सर्वांत अनुभवी सदस्य. सगळ्यांत उंच खांब आमच्या त्या वारलेल्या सदस्यांचा होता. मेल्यानंतरचीही मुदत त्यांनी अनुभवात धरली होती. मी विचारलं, "हे गृहस्थ सध्या बैठकांना येतात का?" त्यांचा प्रमुख म्हणाला, "उपस्थितीची माहिती दुसऱ्या टप्प्यात येईल, मॅडम." हिशेबवाल्या अधिकाऱ्यांनी तोंडासमोर रुमाल धरला.

दुसरी कंपनी खरंच चांगली होती, हे मला सांगितलंच पाहिजे. माणसं नम्र, तयारी पक्की, नमुना स्वच्छ. त्यात ते सदस्य एकदाच होते, निधनापर्यंत. पुढची नेमणूक गाळलेली. मी विचारलं तर म्हणाले, "ती नोंद स्पष्टच चुकीची होती, म्हणून आम्ही साफ केली." नाव ठेवायला जागा नव्हती.

तिसरी कंपनी होणाऱ्या जावयाची. तिच्यातर्फे सर्दीने बेजार झालेली एक तरुणी आणि तिच्यापेक्षा वयाने बराच मोठा, फारसं न बोलणारा एक गृहस्थ आले. आलेख साधे. त्यांनीही ते सदस्य हेरले होते, पण ती नेमणूक त्यांनी गाळली नव्हती. निधनाच्या तारखेखालीच ती ठेवली होती आणि पुढे लाल खूण.

"ही काढली का नाहीत?" मी विचारलं.

तरुणीने आधी नाक पुसलं. "चूक माणसाची नाही ना, नेमणाऱ्यांची आहे. काढली तर ती कुणाला दिसणार नाही. मेलेल्या माणसाला नेमणारे कोण, हेच तर लोकांना बघायचं असेल." मग जरा घाबरून म्हणाली, "म्हणजे तुम्हाला नको असेल तर काढता येईल."

"नको, नको. राहू दे," मी म्हटलं. रकानेबाई तिथे असती तर तिने काय केलं असतं, हे मला लख्ख कळलं होतं.

ती दोघं गेल्यावर गुण लिहायच्या आधी साहेबांनी खुर्ची माझ्याकडे वळवली. मनाने वाईट माणूस नव्हे तो. हळू आवाजात म्हणाले, "मला दुसरी कंपनी पटली. काम उत्तम करतील. आणि ती आली तर बाईही परत येऊ शकतात. तुम्ही बघा."

त्यात खोटं काही नव्हतं. दुसरी कंपनी चांगली होतीच. मी तिला थोडे जास्त गुण दिले असते तर जगात कुणी मला नावं ठेवली नसती. संध्याकाळी मी खाली जाऊन तिला म्हटलं असतं, ऊठ, तुझं काम परत घे. ती परत आली असती, तिचा माहितीकोश तिने स्वतःच्या हाताने उभा केला असता, आणि निवृत्तीच्या दिवशी आम्ही दोघींनी तो मिळून उघडला असता. मी ते सगळं डोळ्यांसमोर बघितलं. हिशेबवाले तिसऱ्या कंपनीच्या बाजूचे होते, साहेब दुसरीच्या. पारडं माझ्या हातात होतं, आणि मी बराच वेळ पेन नुसतं धरून बसले.

मग मी तिसऱ्या कंपनीला जे द्यायला हवे होते ते गुण दिले. मला काही फार थोर वाटलं नाही.

त्यानंतर दरांची पाकिटं उघडली, तिथे फारसा फरक निघाला नाही, आणि तिसरी कंपनी ठरली. निकाल खाली सूचनाफलकावर लागला. फलकावर फक्त कंपनीचं नाव असतं, गुण नसतात. मी जिना उतरले तेव्हा ती इतरांसारखीच फलकासमोर उभी राहून चष्मा पुसत वाचत होती. वाचून झालं. मान हलवली. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

खोलीत आल्यावर तिने आपला खण उपसायला घेतला. पट्टी, पेन्सिली, औषधाची डबी.

"हे काय चाललंय?"

"आता ते लोक याच खोलीत येऊन बसणार. मी इथे असणं बरं दिसत नाही. तळमजल्यावर इमारत देखभालीत जागा आहे, मी विचारून आलेय."

"तू आधीच विचारून आलीस?"

"दोन्ही तयारी ठेवली होती," ती म्हणाली, आणि खिडकीकडे तोंड करून उभी राहिली. डेपोत बसगाड्या धुण्याचं काम चाललं होतं. मला रडू आलं, आणि रडू आलं की मला राग येतो, म्हणून मी कपाटाचं दार आपटलं आणि तिचं टेबल उचलायला माणसं बोलवायला गेले.

इमारत देखभाल म्हणजे गळके नळ, बंद पडलेली लिफ्ट आणि उडालेले दिवे. पंधरवड्यात तिथेही कागद आडवे झाले. कुठला नळ, कुणी सांगितलं, कुणी बघितलं, परत कधी गळला. लिफ्टवाला मला जिन्यात भेटला की हात जोडायचा, "बाईंना वर घेऊन जा हो परत." पण लिफ्ट मात्र त्यानंतर चालू राहिली.

होणारा जावई तिला भेटायला आला होता, मी नोकरी सोडतो म्हणून. तिने त्याला चांगलंच झापलं. "माझ्यामुळे नोकरी सोडशील आणि मग माझी लेक मला आयुष्यभर ऐकवेल. बस, चहा घे." लग्न साधेपणाने झालं. मी आदल्या दिवसापासून तिथे होते आणि हक्काने सगळ्यांवर ओरडत होते.

वर आमचं काम चालू झालं. सर्दीवाली मुलगी, आता सर्दी नसलेली, रोज सकाळी यायची, आणि त्या मुलीने आणि त्या मुखदुर्बळ गृहस्थाने जीव ओतून काम केलं. माणसं बदलली नाहीत. अट होती ना. मी कामाचा गाडा हाकत होते. अडले की वाटायचं, तळमजल्यावर जावं आणि विचारावं. जेवायला आम्ही रोज एकत्र बसायचो, आणि लेक, जावई, तिच्या नवऱ्याची गुडघेदुखी, जगातलं सगळं बोलायचो, हे सोडून. एकदाही तिने विचारलं नाही की कुठवर आलं. मला तिची ती शिस्त कधी कधी क्रूर वाटायची. पण रात्रीअपरात्री नव्हे, ऐन कामात, एखादी नोंद गाळून टाकायचा मोह व्हायचा तेव्हा तळमजल्यावर बसलेली ती आठवायची, आणि मी ती नोंद ठेवायचे.

माहितीकोश लोकांसाठी खुला झाला तेव्हा मंत्र्यांनी बटण दाबलं, फोटो निघाले. साहेबांनी भाषणात तिचं नाव घेतलं. ती तिथे नव्हती. सल्लागारांचं काम अजून पुरतं संपलेलं नव्हतं, आणि हात लावायचा नाही म्हणजे बघायचंही नाही असा तिने अर्थ काढला होता. वर्तमानपत्रात छापून आलं तेव्हा मी तिला पान दाखवलं, तर म्हणाली, "फोटोत जाड दिसतेयस."

मग सल्लागारांचं काम आटोपलं, आणि पाठोपाठ तीही निवृत्त झाली. निरोपाला लिफ्टवाला सगळ्यांत जास्त वेळ बोलला.

त्यानंतरच्या पहिल्या सोमवारी मी कुलूप काढून खोलीत शिरते तोच फोन वाजला. तक्रारींसाठी जो नंबर आम्ही जाहीर केला होता, तोच.

"मी एक नागरिक बोलतेय," रकानेबाई म्हणाली.

"बोल."

"नागरिकाशी असं बोलतात?"

"बोला. काय तक्रार आहे आपली?"

"काल दिवसभर मी तुमचा माहितीकोश बघत होते. चांगला झालाय. फार चांगला झालाय गं." मला पलीकडून तिच्या घरातल्या पंख्याचा आवाज ऐकू येत होता. "ते वारलेले सदस्य आहेत अजून. लाल खुणेसकट. मी किती वेळ बघत बसले माहितीये, ह्यांनी जेवायला दोनदा हाक मारली. पण एक नोंद अपुरी आहे. सल्लागारांच्या निवडीची."

ती नोंद आम्ही मुद्दाम घातली होती. समितीत कोण होतं, कुणी समिती का सोडली, बदली कोण आलं, प्रत्येकाने कुणाला किती गुण दिले.

"काय अपुरं आहे त्यात? तुझं नातं लिहिलंय. होणारा जावई, असं स्पष्ट लिहिलंय."

"माझं लिहिलंय. बदली सदस्याचं नाही लिहिलेलं. बदली सदस्य ही सोडून गेलेल्या सदस्याची मैत्रीण होती. जवळची. तिने ते जाहीर केलेलं नाही."

मी खुर्चीवर बसले. "मैत्रीण तुझ्या यादीत नाहीच. मी कुठे जाहीर करणार?"

"तीच तर तक्रार आहे. यादी चुकली माझी. सासरचे लिहिले, माहेरचे लिहिले, ठरलेलेसुद्धा लिहिले. समोर बसलेली राहिली."

मग ती वेगळ्याच आवाजात म्हणाली, "तुझे गुण बघितले मी. मला इतके दिवस वाटत होतं, ते मोठ्या फरकाने जिंकले असतील. तू जरासा हात आखडता घेतला असतास तर मी परत आले असते."

"ठाऊक होतं."

"तेव्हाच ठाऊक होतं?"

"हो."

पलीकडून नाक ओढल्यासारखा आवाज आला, मग घसा खाकरला. "बरं," ती म्हणाली, "पण तक्रार तक्रारच आहे हं. लिहून घे. आणि उत्तर वेळेत दे."

मी लिहून घेतली. नियमाप्रमाणे ज्याच्याबद्दल तक्रार आहे त्याच्याकडून खुलासा मागवायचा असतो, म्हणून तो मी मलाच मागितला. खुलाशाच्या जागी काही लिहिलं नाही. त्याखाली 'तक्रारीत तथ्य आहे' असा शेरा मारला आणि सही केली.